अथेन्समध्ये अधिकारी सोडतीने नेमत, तर राज्य चालत कसे होते?

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडते. स्पर्धा परीक्षेसाठी वाचताना आपल्याला असे आढळले की प्राचीन अथेन्समध्ये बहुतेक अधिकारी मतदानाने नव्हे, तर सोडतीने नेमले जात. त्यावरून आपण तीन शंका विचारल्या आहेत. ज्याचे नाव निघेल त्याच्या हाती कारभार सोपवून अथेन्सने मोठे आरमार कसे सांभाळले आणि पार्थेनॉनसारखे मंदिर कसे उभारले? सोडत हा केवळ देखावा असून खरी सत्ता पेरिक्लीस या बड्या नेत्याच्या हाती होती का? आणि स्पार्टामध्ये ज्येष्ठमंडळाची आणि एफोर नावाच्या वार्षिक अधिकाऱ्यांची निवडणूक होत होती, तर लोकशाहीचे नाव अथेन्सलाच का मिळाले?

तिन्ही शंकांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे, ते म्हणजे निवडणूक झाली की लोकशाही झाली. प्राचीन इतिहास शिकवताना विद्यार्थी सर्वांत जास्त इथेच अडखळतात, कारण आपण सगळे मतपेटीच्या काळात वाढलो आहोत. ग्रीकांचा समज नेमका उलटा होता. ॲरिस्टॉटलने स्पष्ट नोंदवले आहे की पदे सोडतीने देणे हे लोकशाहीचे आणि निवडणुकीने देणे हे अल्पजनसत्तेचे, म्हणजे मोजक्या लोकांच्या राजवटीचे, लक्षण मानले जाते. त्यामागचा तर्क कठीण नाही. निवडणुकीत नाव, घराणे, पैसा आणि वक्तृत्व असलेला माणूस पुढे येतो, तर सोडतीला यांतले काहीच दिसत नाही. म्हणून एखाद्या नगरराज्याचा विचार करताना मी ‘माणूस पदावर कसा आला?’ हा प्रश्न मागे ठेवते आणि ते पद किती मोठे होते, किती काळाचे होते, किती जणांत वाटलेले होते आणि शेवटी हिशेब कोण मागत होते, हे आधी पाहते. अथेन्सच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरे मिळाली की सोडतीचे गूढ बरेचसे उलगडते.

सुरुवातीलाच दोन मर्यादा सांगणे भाग आहे. ग्रीक नगरराज्ये हजाराहून अधिक होती. ती स्पेनच्या किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत पसरलेली होती आणि प्रत्येकाची राज्यव्यवस्था स्वतंत्र होती. आपल्याला अथेन्सची माहिती सर्वांत जास्त आहे, कारण तेथील शिलालेख आणि न्यायालयातील भाषणे टिकली आहेत, आणि त्याखेरीज ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेला अथेन्सच्या राज्यघटनेवरचा ग्रंथ इजिप्तमधील पपायरसांवर सापडून १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरी मर्यादा काळाची आहे. पेरिक्लीसच्या काळचे अथेन्स आणि त्यानंतर शंभर वर्षांनीचे अथेन्स यांच्या तपशिलांत बराच फरक आहे, आणि त्या ग्रंथातील बारकावे मुख्यतः दुसऱ्या काळाचे आहेत. कोणी ‘ग्रीक लोकशाहीत असे असे होते’ असे सरसकट सांगू लागले, तर ते कोणत्या नगराविषयी आणि कोणत्या दशकाविषयी बोलत आहेत, हे विचारण्याची सवय मी विद्यार्थ्यांना लावते. खाली दिलेली सने, पपायरसाच्या प्रकाशनाचे वरील साल वगळता, सर्व इसवी सनापूर्वीची आहेत.

आपली पहिली शंका जुनी आहे आणि ती सॉक्रेटिसच्या तोंडी घातलेली आढळते. सोडतीसाठी पांढरे आणि काळे घेवड्याचे दाणे वापरत. सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफोन सांगतो त्याप्रमाणे, सॉक्रेटिसवरील आरोपांपैकी एक असा होता की तो तरुणांना राज्यव्यवस्थेची हेटाळणी करायला शिकवतो, कारण जहाजाचा सुकाणूधारी, सुतार किंवा बासरीवादक कोणी दाण्याने निवडत नाही, मग राज्यकर्ते मात्र दाण्याने का निवडावेत, असे तो विचारत असे. प्रश्न बिनतोड वाटतो. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे सोडतीने नेमलेला माणूस जहाज हाकतो. अथेन्समध्ये तो जहाज हाकत नव्हता. जहाज बांधणारे, ते चालवणारे आणि त्यावर झालेल्या खर्चाकडे लक्ष ठेवणारे असे लोक वेगवेगळे होते, आणि सोडत मुख्यतः या तिसऱ्या प्रकारच्या कामासाठी होती.

हे समजण्यासाठी पाचशेंचे मंडळ पाहावे. त्याला ‘बूले’ म्हणत. ५०८ च्या सुमारास क्लायस्थेनिस या सुधारकाने ॲटिका या अथेन्सच्या सगळ्या प्रदेशाची नवी विभागणी केली. १३९ गावे आणि वस्त्या यांची दहा गटांत बांधणी झाली आणि प्रत्येक गटात शहराचा, किनाऱ्याचा आणि आतल्या भागाचा एकेक तुकडा मुद्दाम घालण्यात आला, जेणेकरून एखाद्या बड्या घराण्याचा एका खोऱ्यावरचा वरचष्मा राज्यभर चालू नये. प्रत्येक गटातून दरवर्षी ५० सदस्य सोडतीने येत. गावांचा वाटा लोकसंख्येच्या मानाने ठरलेला होता. आकार्नाय या मोठ्या गावाचे २२ सदस्य असत, तर काही वाड्यांचा एकच असे. सदस्य ३० वर्षांहून मोठा असावा लागे, मुदत एक वर्षाची असे आणि आयुष्यात दोनपेक्षा जास्त वेळा मंडळावर बसता येत नसे.

या पाचशेंपैकी एका गटाचे ५० जण वर्षाचा एक दशांश काळ, म्हणजे ३५ किंवा ३६ दिवस, रोजचा कारभार पाहत. ॲगोरा या शहराच्या मुख्य चौकाच्या पश्चिमेला असलेल्या थोलोस नावाच्या गोल इमारतीत त्यांचे सरकारी खर्चाने जेवण होई. तिचा पाया आजही दिसतो. त्यांच्यातून रोज एक अध्यक्ष सोडतीने निघे. एक रात्र आणि एक दिवस राज्याचा शिक्का त्याच्याजवळ असे, आणि खजिना व दप्तर ज्या मंदिरांत ठेवलेले असे त्यांच्या किल्ल्याही त्याच्याजवळ असत. दुसऱ्या दिवशी नवा अध्यक्ष येई आणि कालच्याला तो मान आयुष्यात पुन्हा कधीही मिळत नसे. आता हिशेब करा. चांद्रवर्षाचे ३५४ दिवस धरले, तर वीस वर्षांत सुमारे सात हजार वेगवेगळ्या माणसांनी हे काम केलेले असणार. चौथ्या शतकातील प्रौढ पुरुष नागरिकांची संख्या साधारण ३०,००० मानली जाते. म्हणजे शेतावर किंवा दुकानात भेटणाऱ्या वयस्क नागरिकांमध्ये राज्याचा शिक्का कधीतरी एक दिवस सांभाळलेली माणसे सर्रास असत. ‘अननुभवी माणूस’ हे वर्णन अशा समाजाला पूर्णपणे लागू पडत नाही, कारण कारभाराचा अनुभव थोड्यांच्या हाती साठवण्याऐवजी तो थोडाथोडा पुष्कळांत वाटलेला होता.

आणि हे मंडळ निर्णय घेत होते का? मर्यादित अर्थानेच. ते विषय तयार करी, परकीय वकिलांना भेटे, नौकाबांधणीवर देखरेख ठेवी, जमाखर्च पाही. अंतिम निर्णय प्निक्स टेकडीवर भरणाऱ्या नागरिकसभेचा असे. चौथ्या शतकात तिच्या वर्षाला ४० नियमित बैठका होत आणि काही विषयांना ६,००० नागरिकांचे मतदान आवश्यक असे. मंडळाखालची इतर बहुतेक पदे दहा-दहा जणांच्या मंडळांना दिलेली होती आणि कामे अगदी नेमकी होती. नगररक्षकांच्या दहा जणांपैकी पाच शहरात आणि पाच पिरियस बंदरात असत, आणि मैला वाहणाऱ्यांनी तो तटापासून दहा स्टेडियाच्या आत, म्हणजे सुमारे दोन किलोमीटरच्या आत, टाकू नये हे पाहणे हे त्यांच्या कामांपैकी एक होते. सरकारी ठेक्यांचा लिलाव करणारे दहा जण मंडळासमोर लिलाव करत. कोणी कधी किती भरायचे हे पांढऱ्या रंगाच्या फळ्यांवर लिहिले जाई, ठरलेल्या दिवशी त्या फळ्या बाहेर काढल्या जात आणि रक्कम जमा झाली की वसुली घेणारे दुसरे दहा जण ती नोंद पुसत. लिलाव करणारा वसुली करत नाही आणि वसुली करणारा ठेका देत नाही. अशा कामाला असामान्य बुद्धी लागत नाही. त्याला नऊ सहकाऱ्यांची नजर आणि स्पष्ट नियम पुरेसे होतात.

पदावर बसण्यापूर्वी चाचणी होत असे, पण ती कौशल्याची नव्हती. आर्कन या वरिष्ठ पदासाठी नाव निघालेल्याला विचारत: तुझा बाप कोण आणि कोणत्या गावचा, आजोबा कोण, आई कोण, आईचा बाप कोण; घराण्याचे देवस्थान कुठे आहे, पूर्वजांची थडगी कुठे आहेत; आईबापांना नीट वागवतोस का, कर भरतोस का, मोहिमांवर गेला होतास का? साक्षीदार उभे करावे लागत आणि कोणाही नागरिकाला आक्षेप घेता येई. सोलोन या जुन्या कायदेकाराने घातलेल्या नियमांनुसार सर्वांत गरीब वर्गाला, म्हणजे थेटेस लोकांना, हे पद मिळत नसे, आणि तो नियम कागदावर कायमच राहिला. पण चौथ्या शतकात ‘तुझा वर्ग कोणता?’ असे विचारल्यावर ‘थेटेस’ असे उत्तर कोणी देत नसे, हे ॲरिस्टॉटलच्या नावावरच्या वर सांगितलेल्या ग्रंथातच लिहिलेले आहे. कायदा न बदलता रिवाजाने त्याला बगल देण्याचे इतके सरळ वर्णन प्राचीन साहित्यात क्वचितच मिळते.

खरा धाक मुदतीनंतरचा होता. वर्ष संपल्यावर प्रत्येक अधिकाऱ्याला हिशेब तपासून घ्यावा लागे. तपासनीस दहा आणि तेही सोडतीने आलेले. मग प्रकरण ५०१ जणांच्या न्यायालयापुढे जाई, आणि त्यानंतर आणखी तीन दिवस कोणाही नागरिकाला लेखी तक्रार देता येई. हिशेब मंजूर होईपर्यंत त्या माणसाला परदेशी जाता येत नसे, मालमत्ता देवाला अर्पण करता येत नसे, मृत्युपत्र करता येत नसे, इतकेच काय, दुसऱ्या घरात दत्तकही जाता येत नसे. मालमत्ता सरकवण्याच्या सगळ्या वाटा त्यांनी आधीच हेरून ठेवल्या होत्या असे या यादीवरून दिसते. माझे विद्यार्थी सोडतीवर हसतात, पण ही यादी वाचल्यावर बहुतेकांचे हसू ओसरते.

पार्थेनॉनचे उत्तरही यातच आहे. मंदिराचा आराखडा इक्टिनस आणि कॅलिक्रेटिस या स्थपतींचा होता, मूर्तिकामावर फिडियस होता, दगड फोडणारे आणि घडवणारे हात कारागिरांचे होते. नागरिकांच्या बाजूने दरवर्षी बदलणारे एक देखरेख मंडळ असे, आणि ४४७ पासूनचे वार्षिक जमाखर्च त्याने दगडावर कोरून जाहीर ठेवले. त्यांचे तुकडे आज उपलब्ध आहेत. आरमाराचेही तसेच. ४३१ मध्ये अथेन्सकडे ३०० सज्ज युद्धनौका होत्या. नौकेचा वर्षभराचा खर्च आणि नाममात्र नेतृत्व एखाद्या श्रीमंत नागरिकावर टाकलेले असे, तर प्रत्यक्ष नौका मुरलेला सुकाणूधारी चालवी. म्हणजे सॉक्रेटिसने दिलेल्या उदाहरणातील सुकाणूधारी अथेन्सनेही कधी दाण्याने निवडला नव्हता.

पेरिक्लीसविषयीची दुसरी शंकाही इथेच येते. जिथे कौशल्याला पर्याय नव्हता तिथे अथेन्सकर निवडणूकच घेत. दहा सेनापती हात वर करून निवडले जात आणि त्यांना कितीही वेळा पुन्हा निवडून येता येई. घोडदळाचे दोन प्रमुख, युद्धनिधीचा खजिनदार आणि नौकांचे रचनाकार यांचीही निवड मतानेच होई. या यादीत पाण्याच्या झऱ्यांवर देखरेख ठेवणारा अधिकारीही आहे, हे मला नेहमी लक्षणीय वाटते. कोरड्या ॲटिकात पाण्याचे काम सोडतीवर सोपवण्याचा धोका त्यांनी पत्करला नाही.

पेरिक्लीस या दहा सेनापतींपैकी एक होता. चरित्रकार प्लुटार्कच्या म्हणण्याप्रमाणे तो सलग १५ वर्षे निवडून आला, आणि इतिहासकार थ्युसिडिडीसने तर ‘नावाला लोकशाही, पण प्रत्यक्षात पहिल्या नागरिकाची सत्ता’ अशा आशयाचे विधान केले आहे. परीक्षार्थी हे वाक्य पाठ करून थेट उत्तरपत्रिकेत उतरवतात. पण त्याच थ्युसिडिडीसने पुढे काय सांगितले तेही वाचावे. ४३० मध्ये, युद्ध आणि साथीने लोक त्रासलेले असताना, त्याच नागरिकांनी पेरिक्लीसला दंड ठोठावला, आणि काही काळाने त्यालाच पुन्हा सेनापती केले. त्याला आपले म्हणणे दर वेळी टेकडीवर जाऊन पटवावे लागे. पद हाती आहे म्हणून ते मान्य होत नसे. त्याचा प्रभाव अफाट होता हे मला मान्य आहे, परंतु ज्याला नागरिकसभा दंड करू शकते त्याला सत्ताधीश म्हणताना मी कचरते.

आता सोडतीच्या प्रामाणिकपणाविषयी थोडे, कारण ‘दाणे तर सहज बदलता येतील’ हा उपप्रश्न वर्गात हमखास येतो. अथेन्सकरांनाही तो पडला होता, आणि चौथ्या शतकातील न्यायालयांची व्यवस्था पाहिली की संशयी समाज किती काटेकोर नियम घडवतो ते कळते. वर्षासाठी ६,००० न्यायसदस्यांची नावे काढलेली असत. खटल्याच्या दिवशी पहाटे आलेला प्रत्येक सदस्य आपली नावाची पट्टी देई. त्या पट्ट्या क्लेरोटेरियन नावाच्या दगडी फळीवरील खाचांत उभ्या रांगांनी बसवत. फळीच्या कडेला एक नळी असे. तिच्यात काळे आणि पांढरे ठोकळे मिसळून टाकत आणि एकेक खाली सोडत. पांढरा निघाला तर त्या आडव्या ओळीतले सगळे त्या दिवशी न्यायसदस्य, काळा निघाला तर सगळे घरी. मग निवडला गेलेला सदस्य अक्षर कोरलेला ओकफळासारखा गोळा उचले, त्या अक्षरावरून कोणते न्यायालय ते ठरे, आणि त्या न्यायालयाच्या दाराच्या रंगाची काठी त्याच्या हाती दिली जाई, म्हणजे तो चुकूनही किंवा मुद्दामही दुसऱ्या न्यायालयात शिरू शकत नसे. आपण कोणत्या खटल्यावर बसणार हे सकाळपर्यंत खुद्द सदस्यालाही कळत नसे, तेव्हा लाच द्यायची कोणाला? या फळीचा एक तुकडा अथेन्सच्या ॲगोरा संग्रहालयात आहे. महापालिकेच्या प्रभागांच्या आरक्षणाची सोडत आपण ज्या कारणाने चारचौघांत काढायला लावतो, त्याच कारणाने ही सगळी खटपट होती.

मात्र ज्या भांड्यातून ही नावे निघत, त्यात कोण होते हे विसरून चालणार नाही. स्त्रिया त्यात नव्हत्या. गुलाम नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या अथेन्समध्ये राहून दरसाल १२ द्राखमा कर भरणारे परदेशी रहिवासीही नव्हते. आणि ४५१ मध्ये पेरिक्लीसच्याच प्रस्तावाने आई-बाप दोघेही अथेन्सचे असल्याशिवाय नागरिकत्व मिळेनासे झाले. त्यातही बरीच पदे इच्छुकांमधूनच भरली जात, त्यामुळे ज्याला दिवस मोडणे परवडत नाही तो मागे राही. मानधन सुरू झाले ते याच अडचणीमुळे. दरवर्षी अधिकारी बदलत असताना कामाचे सातत्य कोण राखत होते, याचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे: मोठ्या प्रमाणात सरकारी गुलाम. वर सांगितलेल्या लिलावाच्या फळ्या सांभाळणारा गुलामच होता. ३७५-३७४ या वर्षातला नाण्यांविषयीचा कायदा दगडावर कोरलेला सापडला आहे. त्यानुसार बाजारात बसून चांदीची नाणी खरी की खोटी हे ठरवणारा पारखी सरकारी गुलाम होता, त्याचा निर्णय नागरिक व्यापाऱ्यांवर बंधनकारक होता, आणि त्याने कामात कसूर केली तर त्याला ५० फटके द्यावेत असे तिथेच लिहिले आहे. ज्याच्या तज्ज्ञतेवर बाजार चालतो त्याला फटके, आणि ज्याचे नाव दाण्याने निघाले त्याला न्यायालयात बाजू मांडण्याचा अधिकार! अथेन्सच्या लोकशाहीचे गुणगान करणाऱ्या प्रत्येक प्रकरणाशेजारी हा शिलालेख छापायला हवा.

तिसरी शंका स्पार्टाची. दोन राजघराण्यांचे दोन राजे, ६० वर्षांवरील २८ ज्येष्ठ आणि हे दोन राजे मिळून तीस जणांची गेरूसिया, दरवर्षी निवडले जाणारे पाच एफोर आणि पूर्ण हक्काच्या स्पार्टनांची सभा, असा तो सांगाडा होता. ज्येष्ठांची निवडणूक आरोळ्यांवर होई: परीक्षक एका घरात बंद बसत, उमेदवार एकेक करून सभेसमोरून जात, आणि कोणासाठी गलका मोठा झाला हे परीक्षक न पाहता ठरवत. ॲरिस्टॉटलने या पद्धतीला पोरकट म्हटले. पण त्याचा मोठा आक्षेप वेगळा होता. निवडून आलेले ज्येष्ठ तहहयात बसत आणि त्यांचा हिशेब कोणी घेत नसे. शरीराप्रमाणे बुद्धीलाही म्हातारपण येते, असे त्याने त्यावर सुनावले आहे. सभेला समोर ठेवलेल्या प्रस्तावावर होय किंवा नाही एवढेच म्हणता येई, आणि तिचा निर्णय वाकडा वाटला तर राजे व ज्येष्ठ तो बाजूला सारू शकत. एफोर मात्र वर्षभराचे आणि सामान्य स्पार्टनांतून येणारे असत. ते राजांवर खटला भरू शकत आणि दर महिन्याला राजांकडून कायदा पाळण्याची शपथ घेत. त्यामुळे प्राचीन लेखकांनी स्पार्टाला शुद्ध राजेशाही किंवा शुद्ध अल्पजनसत्ता न म्हणता मिश्र व्यवस्था म्हटले, आणि ते मला योग्य वाटते. ‘स्पार्टामध्ये हुकूमशाही होती’ असे आपल्या टिपणात असेल तर ते खोडावे.

शिवाय स्पार्टाची ही सगळी यंत्रणा हेलटांच्या, म्हणजे गुलामांसारख्या राबवल्या जाणाऱ्या अंकित लोकांच्या, श्रमावर उभी होती. एफोर दरवर्षी पद घेताना हेलटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत. इतिहासकार हिरोडोटसच्या आकड्यानुसार ४८० मध्ये पूर्ण नागरिक ८,००० होते. ३७१ मध्ये ल्यूक्ट्रा येथे थेबेसकडून पराभव झाला तेव्हा रणांगणावर ७०० स्पार्टन होते आणि त्यांपैकी ४०० पडले. सामूहिक भोजनाचा वाटा भरता आला नाही की नागरिकत्व जाई, त्यामुळे संख्या घटतच गेली. थेबेसच्या नेतृत्वाखालील बीओशिया संघाची तऱ्हा आणखी वेगळी होती. चौथ्या शतकाच्या प्रारंभी तिथे ११ विभाग होते, प्रत्येकातून ६० सभासद येत आणि मालमत्तेची अट होती. अथेन्स आणि स्पार्टा ही दोनच रूपे नव्हती, एवढ्यासाठी हा उल्लेख.

सोडतीची पद्धत कधी फसली का? फसली. ४०६ मध्ये आर्गिनुसाय येथे आरमाराने विजय मिळवला, पण वादळामुळे बुडणाऱ्यांना वाचवता आले नाही. संतापलेल्या नागरिकसभेपुढे आठ सेनापतींचा एकत्रच, एकाच मताने निकाल लावण्याचा बेकायदा प्रस्ताव आला. त्या दिवशी कारभार पाहणाऱ्या ५० जणांत सॉक्रेटिस होता. प्रस्ताव मताला टाकायला त्याने नकार दिला, बाकीचे धमक्यांपुढे नमले, आणि अथेन्समध्ये परतलेल्या सहा सेनापतींना मृत्युदंड झाला. त्यांत पेरिक्लीसचा मुलगाही होता. दाण्याच्या पद्धतीची टर उडवणारा सॉक्रेटिस दाण्यानेच त्या जागी बसला होता, ही गंमत माझे विद्यार्थी विसरत नाहीत. पण खरा मुद्दा असा की भेदरलेल्या ५० सामान्य माणसांकडून भडकलेल्या हजारोंना आवरण्याची अपेक्षा ही या व्यवस्थेची कच्ची बाजू होती. ४०३ नंतर कायदे आणि ठराव यांत भेद करून कायद्यांसाठी वेगळी मंडळे नेमली गेली, त्यामागे असे अनुभव होते. पैशाचे व्यवहार गुंतागुंतीचे झाले तसे यूबुलस आणि लायकर्गस यांच्यासारखे अर्थकारभारी पुढे आले, म्हणजे तिथेही कौशल्याला जागा वाढवावी लागली.

आणि हे सगळे नुसते देखाव्याचे होते का, याचा सर्वांत भक्कम पुरावा मला अथेन्सच्या लोकशाहीच्या शत्रूंच्या वागण्यात दिसतो. ४११ मध्ये अल्पजनवाद्यांनी सत्ता घेतली तेव्हा त्यांनी आधी बेकायदा प्रस्ताव आणणाऱ्यावर खटला भरण्याचा नागरिकांचा अधिकार काढला, मग पदांचे मानधन बंद केले, आणि राजकीय हक्क फक्त ५,००० जणांपुरते ठेवण्याची घोषणा केली. नेमलेल्या पाच जणांनी शंभर निवडले, त्या शंभरांनी प्रत्येकी तीन, आणि असे चारशे तयार झाले. हे चारशे कपड्यांत खंजीर लपवून, १२० तरुणांना सोबत घेऊन मंडळाच्या सभागृहात गेले आणि दाण्याने आलेल्या पाचशेंना म्हणाले, तुमचे मानधन घ्या आणि निघा. उरलेल्या मुदतीची पूर्ण रक्कम त्यांनी बरोबर आणली होती, आणि सदस्य बाहेर पडताना ती एकेकाच्या हातावर ठेवली. चारशेंची ही सत्ता सुमारे चार महिने टिकली. ४१० मध्ये लोकशाही पुन्हा पूर्णपणे उभी राहिली, आणि मंडळाची सोडतही परत सुरू झाली.